नव्वदावा दिवस

कुडचड्याच्या शाखेत मी अकरा वर्षं मॅनेजर होतो.
खाण चालू होती तेव्हा लाल धूळ
काचेतून, पडद्यातून, माझ्या सहीपर्यंत यायची
आणि आम्ही ती पुसायचो नाही लवकर.

मग खाण बंद झाली.
दुसऱ्या वर्षी उल्हास फळदेसाईच्या ट्रकमधून,
स्टिअरिंगला धरून धरून,
तोंडलीचा वेल बाहेर आला.
त्याच्या बायकोने ती तोंडली बाजारात विकली.
तारण आमच्याकडे होतं. तोंडली तिची.

नियम साधा आहे.
नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज आजारी.
मग त्याला वहीत वेगळं निजवायचं,
त्याचं व्याज कमाई म्हणून मिरवायचं नाही,
आणि नफ्यातला घास काढून ठेवायचा
जशी आजाऱ्यासाठी पेज काढून ठेवतात.

मी एकोणनव्वदाव्या रात्री जागा असायचो.
सकाळी उल्हासला बोलवायचो,
नवं कर्ज. कारण: घरदुरुस्ती.
दुपारी त्यातूनच जुने हप्ते भरून घ्यायचो.
पैसा टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला,
चहा थंड व्हायच्या आत.
असे त्रेसष्ट ट्रक मी धडधाकट ठेवले,
चाकांत हवा नसताना.
चेअरमन म्हणाले, तुम्ही आधी माणूस, मग मॅनेजर.
मला ते आवडलं होतं,
खोटं कशाला सांगू.

तपासणीला आली मिथिला दुकळे,
माझ्या धाकट्या भाचीएवढी.
चहा नको म्हणाली, पाणी घेतलं.
तारखा एकीखाली एक लावत गेली दोन दिवस,
आणि तिसऱ्या दिवशी, मान वर न करता:
"सर, तुमच्या शाखेत नव्वदावा दिवस
कुणालाच उगवत नाही."
मी तिला तोंडलीची गोष्ट सांगितली.
तिने ऐकली. पेनाचं टोपण काढलं.
लिहीत राहिली.
मला वाटलं, काय कळणार हिला,
हिने ते घर पाहिलंय कुठे.

गुरुवारी, कामकाज संपल्यावर निर्देश आले.
कलम पस्तीस-अ.
डिंक संपला होता.
शिपाई कायतानने डब्यातल्या भाताच्या शितांनी
कागद शटरला चिकटवला.
खातेदारामागे पाच हजार. पुढील आदेशापर्यंत.

सकाळी रांगेत पहिली पिएदाद कार्दोझ.
बाजारात तिची पाटी शाखेपासून साठ पावलांवर,
रोज शंभर रुपये पिग्मीत, सतरा वर्षं.
आधी एजंट पावती फाडायचा, खवले चिकटलेली.
हल्ली मोबाईल टिंग करायचा
आणि ती कौतुकाने शेजारणीला दाखवायची.
गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं.
ती रडली नाही. काचेवर हात ठेवून म्हणाली,
"म्हजे पयशे तुवें कोणाक दिले?"

अकरा वर्षांत हा प्रश्न
कुणी या शब्दांत विचारला नव्हता.
मी खाण म्हणालो, कोर्ट म्हणालो, ट्रक म्हणालो.
"उल्हासाक?" ती म्हणाली.
तो तिच्याकडूनच बांगडे न्यायचा,
सोमवार-गुरुवार सोडून, उधारीवर.
हिशेब भिंतीवर, कोळशाच्या रेघा.
तीन आठवडे रेघ पुसली गेली नाही
की चौथ्याला ती पाटीवर गोणपाट ओढते.
"वायट दिसता म्हाका," म्हणाली,
"पूण होडयेकार म्हाका उदार दिना मागीर."

मी पाच हजार मोजून दिले.
तिने माझ्यासमोर पुन्हा मोजले,
एक नोट उजेडात धरली,
कोपरा फाटका होता,
आणि काचेखालून परत सरकवली.

मी ती बदलून दिली.
कायतान दार अर्धं ओढून उभा होता.
रांग मासळीच्या शेडपर्यंत गेली होती,
आणि तिच्यात, मधेच कुठेतरी,
हातात पासबुकाची गुंडाळी करून,
उल्हासची बायको.